नखाखालचा ठणका आणि अंगावरचे डाग

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. वय ३८, फोर्टमध्ये नोकरी. डाव्या हाताच्या अनामिकेचं नख सहा वर्षांपासून दुखतं. लोकलच्या दांड्याला नख नुसतं लागलं तरी कळ कोपरापर्यंत जाते, फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढताना डोळ्यांत पाणी येतं. मानेचा पट्टा लावून झाला, नसांची तपासणी झाली, नसांच्या गोळ्या दोन वर्षं घेतल्या, एका ठिकाणी ‘टेन्शन घेऊ नका, मनाचं दुखणं आहे’ असंही ऐकून घेतलं. आता एमआरआयमध्ये नखाखाली ४ मिलिमीटरची गाठ दिसली आणि रिपोर्टवर ‘ग्लोमस ट्यूमर’ असं आलं. त्यातच काही महिन्यांपासून उजव्या अंगठ्याचं नखही तसंच दुखायला लागलंय. हा कॅन्सर आहे का, नख कायमचं जाईल का, दुसऱ्या बोटाला का झालं, असं त्या विचारतात. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘अंगावर लहानपणापासून फिकट तपकिरी डाग आहेत, माझ्या ९ वर्षांच्या मुलालाही आहेत, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा.’

ताई, संबंध असू शकतो. तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळच मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिच्याकडे येतेच, पण आधी कॅन्सरचं.

हा कॅन्सर नाही. नखाखालची ग्लोमस गाठ जवळपास नेहमीच साधी असते, शरीरात पसरत नाही. कॅन्सरच्या वळणाच्या ग्लोमस गाठी अत्यंत दुर्मीळ आणि त्या बहुधा मोठ्या, खोलवरच्या असतात. ४ मिलिमीटरच्या नखाखालच्या गाठीसाठी ती भीती मनातून काढून टाका. आणि हे दुखणं मनाचं तर मुळीच नव्हतं. या गाठीइतकं नेमकं, बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं हाताच्या आजारांत फार थोडं आहे.

एवढीशी गाठ इतकी का छळते? बोटांच्या टोकांना, विशेषतः नखाखालच्या गादीत, धमनी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या बारीक वेटोळ्या रक्तनलिका असतात. त्यांच्याभोवती आकसू-सैलावू शकणाऱ्या पेशींचे थर आणि चेतातंतूंचं दाट जाळं असतं. थंडीत त्वचेतलं रक्त कमी करायचं, उकाड्यात वाढवायचं, हे यांचं काम. ही रचना म्हणजे ग्लोमस. तिच्यातल्या पेशी बेसुमार वाढल्या की ग्लोमस ट्यूमर. मुळात तापमान सांभाळणारीच जागा असल्यामुळे गार लागलं की ती पेटते. शिवाय वर कडक नख आणि खाली हाड, गाठीला पसरायला जागाच नाही. एडिंबराचे सर्जन विल्यम वुड यांनी १८१२ साली त्वचेखालच्या अशा दुखऱ्या गाठींचं वर्णन केलं होतं. त्या नेमक्या कुठल्या रचनेतून येतात हे १९२४ मध्ये फ्रेंच पॅथॉलॉजिस्ट पिएर मासाँ यांनी दाखवलं. म्हणजे आजार जुना, माहितीही जुनी, तरी निदानाला वर्षं लागतात. तुमची सहा वर्षं दुर्दैवाने अपवाद नाहीत.

उशीर का होतो, तेही सांगते. ‘हात दुखतो’ म्हटलं की विचार मानेकडे जातो, मनगटातल्या नसेकडे जातो. चाळिशीच्या आसपास मानेचा एक्स-रे काढला की काही ना काही झीज दिसतेच, आणि मग त्या झिजेवर सगळं खापर फुटतं. बाहेरून नख पुष्कळदा अगदी चांगलं दिसतं. नीट उजेडात पाहिलं तर कधी निळसर-लालसर ठिपका दिसतो, कधी मुळापासून टोकापर्यंत एक लाल रेघ, कधी नखाच्या टोकाला बारीक चीर. हे दिसायला नखावरचं नेलपॉलिश पुसलेलं हवं, हे मला रोज ओपीडीत सांगावं लागतं. आणखी एक कारण आपल्या मुंबईतलंच. इथे कडाक्याची थंडी नसल्यामुळे ‘थंडीने दुखतं का?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. पण ससून डॉकवर, भाऊच्या धक्क्यावर बर्फात हात घालून मासळी निवडणाऱ्या बायका आहेत, एसीखाली आठ तास बसणारी माणसं आहेत. बर्फात काम करणाऱ्या बाईला तर तिच्या घरचेच सांगतात की बर्फात हात घातल्यावर दुखणारच. दहाही बोटं बर्फात असताना एकच बोट का ओरडतं, हे मात्र विचारायचं राहून जातं.

खरं तर निदान टेबलावरच होतं. बॉलपेनची रिकामी रिफिल किंवा टाचणीची बोथट बाजू घ्यायची आणि नखावर एकेका ठिकाणी हलकेच टेकवत जायचं. एक जागा, काही नाही. शेजारची जागा, काही नाही. आणि मग एका बिंदूवर टेकताच माणूस हात खेचून घेतो. त्या बिंदूच्या दोन मिलिमीटर इकडे-तिकडे पुन्हा शांत. ही लव्ह यांची चाचणी. त्यानंतर हात वर धरून दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधायचा, वरच्या प्रेशरच्या पुढे हवा भरायची आणि तोच बिंदू पुन्हा दाबायचा. रक्तपुरवठा थांबलेला असताना दुखत नाही, आणि पट्टा सोडला की कळ परत येते. ही हिल्ड्रेथ यांची खूण. माझ्या टेबलावर या क्षणी रुग्णाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मला फार मोलाचं वाटतं: इतकी वर्षं सांगूनही कोणी न मानलेली गोष्ट समोर सिद्ध झालेली असते. तिसरी चाचणी बर्फाच्या पाण्याची, पण पहिल्या दोन स्पष्ट असतील तर ती मी करत नाही. उगाच कशाला दुखवायचं?

एमआरआय उपयोगी आहे. गाठ कुठे आहे, एक की दोन, हे कळतं, आणि ऑपरेशन कुठून करायचं ते ठरतं. चांगल्या हाताने केलेली, रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफीही पुरते आणि खर्च बराच कमी येतो. बोटाचा बाजूने काढलेला साधा एक्स-रे स्वस्त आहे, जुन्या गाठीने हाडाला पाडलेला खळगा त्यात दिसू शकतो. मात्र एमआरआय नॉर्मल आला म्हणून गाठ नाही असं धरू नये. दोन-तीन मिलिमीटरची गाठ निसटते. चाचण्या ठाम असतील तर अनुभवी सर्जन रिपोर्ट नॉर्मल असतानाही बोट उघडतात. तुमच्या अंगठ्याला हे लागू पडेल, म्हणून लिहिते.

यावर औषध नाही. मालिश, शेक, इंजेक्शनं यांनी काही होत नाही. गाठ पूर्ण काढणं हाच उपाय, आणि तो चांगला उपाय आहे. बोटापुरती भूल देतात, तीही दुखरा बिंदू स्किन पेनने खूण करून घेतल्यानंतरच. एकदा बोट बधिर झालं की तो बिंदू सांगणारं कोणी उरत नाही. बोटाच्या मुळाशी पट्टा बांधून रक्त थांबवतात, कारण गुलाबी गादीत रक्त साचलं तर एवढी छोटी गाठ दिसणारच नाही. गाठ मध्यावर असेल तर नख थोडं उचलून गादीवर उभा छेद घेतात, कडेला असेल तर बाजूने जाता येतं. भिंगाखाली गाठ दिसते: राखाडी-गुलाबी, किंचित पारदर्शक, भिजवलेल्या साबुदाण्याएवढी. तिच्याभोवतीच्या आवरणासकट ती अलगद सुटून आली की काम झालं. तुकडे पडले, काही मागे राहिलं, तर दुखणं परत येतं. गादी अगदी बारीक विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवायची आणि तेच नख आच्छादन म्हणून परत बसवायचं.

तर नख कायमचं जात नाही. ठेवलेलं जुनं नख काही आठवड्यांत गळतं आणि खालून नवं येतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे पूर्ण यायला सहा महिने धरा. गादी नीट शिवली गेली नाही तर नखावर कायमची खाच किंवा चीर राहू शकते, म्हणून नेहमी हातावर काम करणारा सर्जन गाठा. तो प्लास्टिक सर्जन असो की हाडांचा, हरकत नाही. परळचं केईएम, सायन, नायर, जेजे अशा मोठ्या सरकारी-पालिका रुग्णालयांत हे ऑपरेशन होऊ शकतं. सकाळी केसपेपर काढताना सगळे जुने रिपोर्ट बरोबर ठेवा. कळ बहुतेकांची ऑपरेशननंतर लगेच जाते. जखमेचा हुळहुळेपणा काही आठवडे राहतो, त्याला घाबरू नका. पण काही महिन्यांत तीच जुनी कळ त्याच बिंदूवर परत आली तर गाठीचा अंश राहिला असावा. वर्षांनंतर आली, किंवा जरा बाजूला आली, तर बहुधा नवी गाठ.

काढलेली गाठ पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे, ती किती का छोटी असेना. नखाखाली दुखणारी प्रत्येक गोष्ट ग्लोमस नसते. हाडाचा वाढलेला कोंब असू शकतो, हाडातली कूर्चेची गाठ असू शकते, क्वचित त्वचेचा कॅन्सरही. नखातली काळी-तपकिरी, रुंद होत जाणारी पट्टी हा तर पूर्ण वेगळा विषय आहे. ती दिसली तर दुखण्याची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं.

आता तुमचं दुसरं बोट आणि ते डाग. ग्लोमस गाठ एरवी एकाच बोटाला, एकदाच होते. मध्यमवयीन बायकांत जास्त. त्यांच्यात अंगभर काही शोधायची गरज नसते. पण दोन वेगळ्या बोटांना गाठी म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न त्वचेबद्दल असतो: फिकट तपकिरी, सपाट, गुळगुळीत डाग आहेत का? किती? काखेत किंवा जांघेत बारीक ठिपके आहेत का? कातडीखाली मऊ, दाबली की आत जाणाऱ्या गाठी आहेत का? मी बाही वर करून काख पाहते तेव्हा बायका गोंधळतात, बोटासाठी आलो आणि ह्या काख का बघतायत म्हणून. पण उत्तर पुष्कळदा तिथेच असतं.

हे सगळं न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १, म्हणजे एनएफ-१, या जनुकीय आजाराकडे बोट दाखवतं. साधारण तीन हजारांत एका माणसाला तो असतो, म्हणजे फार विरळा नाही. एनएफ-१ जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालतं. आजार असलेल्यांत त्याची एक प्रत जन्मापासून बिघडलेली असते. बोटाच्या टोकातल्या एखाद्या पेशीत दुसरी प्रतही बिघडली की तिथे गाठ धरते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा रुग्णांच्या ग्लोमस गाठींत जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्याचं दिसलं. त्यामुळे आज ग्लोमस गाठी हा एनएफ-१चाच एक भाग मानला जातो. एकापेक्षा जास्त बोटं, पुन्हा पुन्हा नव्या गाठी, हे त्याचं वळण. पहिल्या ऑपरेशनने बरं वाटल्यावर तिसऱ्या बोटाला काही वर्षांनी झालं, तर ते आधीच्या सर्जनचं अपयश नसतं, हे आजच माहीत असलेलं बरं.

निदानाचे निकष ठरलेले आहेत. वयात आल्यानंतर १५ मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा जास्त डाग. लहान मुलांत ५ मिलिमीटरपेक्षा मोठे सहा. काखेतले-जांघेतले ठिपके, दोन किंवा जास्त न्यूरोफायब्रोमा (म्हणजे त्या कातडीखालच्या मऊ गाठी), डोळ्याच्या बुबुळातल्या रंगीत पडद्यावरचे बारीक उंचवटे, आणि आणखी काही. यांतले दोन जुळले की निदान पक्कं. आईला किंवा वडिलांना आजार आहे हे ठरलं तर मुलात एकही पुरतो. ग्लोमस गाठ या यादीत नाही, म्हणून फक्त गाठींवरून कोणी तुम्हाला एनएफ-१ आहे असं ठरवणार नाही. आज घरी पट्टी घेऊन डाग मोजा, मुलाचेही मोजा. दोन-तीन डाग अनेक निरोगी माणसांना असतात. आकडा सहा किंवा त्याहून जास्त भरला तर जेनेटिक्स ओपीडीची वेळ घ्या. असेच डाग असणारे दुसरे आजारही आहेत, ते वेगळे काढायचं काम तिथल्या तज्ज्ञांचं.

निदान पक्कं झालं तर दोन गोष्टी तुमच्यासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली, ब्लडप्रेशर. एनएफ-१ मध्ये मूत्रपिंडाची धमनी अरुंद असू शकते, किंवा क्वचित मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत प्रेशर एकदम चढवणारी गाठ असते. अचानक डोकं ठणकणं, घाम फुटणं, धडधड असं होत असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा, बोटापुरती भूल असली तरी सांगा. दुसरी, स्तनांची तपासणी. एनएफ-१ असलेल्या बायकांत पन्नाशीच्या आत स्तनांच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून त्यांना तिशीपासूनच दरवर्षी मॅमोग्राफी सांगितली जाते. तुम्ही ३८च्या आहात, तेव्हा ही तपासणी निदान होताच करून घ्या. बोटांतल्या गाठी साध्या, पण अंगावरची एखादी जुनी मऊ गाठ झपाट्याने वाढली, टणक झाली, रात्री झोपू न देण्याइतकी दुखू लागली, तर ती लगेच दाखवायची. एनएफ-१ मध्ये नसांच्या आवरणाच्या कॅन्सरचा धोका आयुष्यभरात शेकडा ८ ते १३ इतका धरतात, आणि तो वेळेत पकडण्याची हीच खूण आहे.

आई-वडिलांपैकी एकाला एनएफ-१ असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. तुमच्या आई-वडिलांत कोणालाच डाग नसतील तर त्याने काही सिद्ध होत नाही, कारण जवळपास अर्ध्या रुग्णांत बदल त्यांच्यापासूनच सुरू झालेला असतो. आणि यात तुमची किंवा कोणाची चूक नाही. गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात काय केलं, याच्याशी याचा काही संबंध नाही. हे सासरच्या मंडळींनाही वाचून दाखवा.

हातावरच्या रक्तवाहिन्यांच्या गाठी म्हणजे फक्त ग्लोमस नाही. हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं लिहिते, कारण नावांची गल्लत फार होते.

लहान मुलाच्या हातावर अनेक निळसर, मऊसर फोड असतील, दाबले की दुखत असतील आणि घरात आजी-वडील-काका अशी साखळी असेल तर ती ग्लोमुव्हीनस विकृती असू शकते. ती ग्लोम्युलिन या वेगळ्या जनुकामुळे होते, एनएफ-१शी तिचा संबंध नाही. अशा मुलांना घट्ट इलॅस्टिक मोजे चढवले तर दुखणं वाढतं. तसेच निळे फोड आणि जोडीला मूल पांढरंफटक, हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी चढतच नाही, असं असेल तर आतड्यातही तसेच फोड असून त्यातून रक्त जात असू शकतं. ब्लू रबर ब्लेब नावाचा हा आजार आहे, शौच तपासायला सांगा.

बोटांची हाडं गाठाळलेली, बोटं वाकडी, आणि त्याच हातावर निळे-जांभळे मऊ फुगवटे, हे चित्र माफुची सिंड्रोमचं. इटालियन पॅथॉलॉजिस्ट आंजेलो माफुची यांनी १८८१ मध्ये ते वर्णिलं. २०११ मध्ये कळलं की आयडीएच-१ किंवा आयडीएच-२ या जनुकांतला बदल गर्भावस्थेत काही पेशींपुरताच होतो, त्यामुळे आजार घराण्यात चालत नाही. इथे मात्र मी आई-बापांना गाफील राहू देत नाही. कूर्चेच्या या गाठींतून पुढे कॉन्ड्रोसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर होण्याचा धोका बराच आहे. मोठेपणी एखादी गाठ वाढू लागली, विनाकारण दुखू लागली, तर सहा महिने थांबायचं नाही. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी हाडांच्या कॅन्सरच्या तज्ज्ञांना दाखवायचं.

स्तनाच्या कॅन्सरनंतर वर्षानुवर्षं सुजलेल्या हातावर मार न लागता जांभळा डाग उठला तर तोही तितक्याच तातडीचा. अँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांचा कॅन्सर सुरुवातीला साध्या काळ्या-निळ्या डागासारखाच दिसतो.

आणि एक गाठ, जी गाठच नव्हे. कुर्ला, साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून येणारे कामगार तळहाताची करंगळीकडची टाच हातोडीसारखी वापरतात. तिथली धमनी फुगून ठोके देणारी गाठ होते, अनामिका-करंगळी गार, पांढरी पडतात. तळहातावर ठोके जाणवणाऱ्या गाठीत डॉपलर केल्याशिवाय कोणालाही सुई घालू देऊ नका.

ताई, तुमच्यापुरता क्रम असा ठेवा. या आठवड्यात डाग मोजा आणि ब्लडप्रेशर मोजून घ्या. मुलाची डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी करा, कारण एनएफ-१ असलेल्या मुलांत डोळ्याच्या नसेवर गाठ होऊ शकते आणि मूल ‘कमी दिसतं’ असं स्वतःहून सांगत नाही. त्याची पाठ वाकडी होतेय का, शाळेत अक्षर किंवा लक्ष यांत अडचण आहे का, हेही बालरोगतज्ज्ञांना सांगा. परळच्या वाडिया बालरुग्णालयात दाखवता येईल. अनामिकेच्या ऑपरेशनला या सगळ्यासाठी थांबायची गरज नाही, फक्त सर्जनला डागांबद्दल आणि अंगठ्याबद्दल आधी सांगा. अंगठा त्याच वेळी रिफिलने तपासून घ्या, पण दोन्ही हात एकाच दिवशी करू नका. पट्टी बांधलेल्या दोन हातांनी वेणी घालता येत नाही, जेवता येत नाही. अनामिकेचे टाके विरले, हात पाण्यात घालता येऊ लागला, की मग अंगठ्याची तारीख घ्या.